पडदा काळा, पण कॉम्प्युटर जागा

लिनक्सचं अपडेट झालं, मशीन रीस्टार्ट केलं आणि डेस्कटॉपच्या जागी नुसता काळा पडदा. फार तर वरच्या कोपऱ्यात लुकलुकणारी एक रेघ. अशा वेळी बरेच जण लगेच पेनड्राइव्ह काढतात आणि सगळं नव्याने इन्स्टॉल करायला बसतात. माझ्या मते हा उपाय शेवटचा, कारण बंद पडलेला असतो तो बहुधा फक्त सगळ्यात वरचा थर.

खात्री करायची तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ ही बटणं एकदम दाबा. लिनक्समध्ये चित्रांच्या पडद्याशिवाय नुसत्या अक्षरांचे कन्सोलही तयार असतात. तिथे 'लॉगिन' अशी अक्षरं उमटली, तर कर्नल (म्हणजे लिनक्सचा गाभा), डिस्क, कीबोर्ड सगळं जागेवर आहे असं समजा. नाव टाका, पासवर्ड टाका. पासवर्ड टाइप होताना पडद्यावर काहीच दिसत नाही, त्याने गडबडून जाऊ नका.

पडद्यावर खिडक्या काढणं हे लिनक्सच्या कर्नलचं काम नाही. ते करणारी एक्स विंडो सिस्टिम एमआयटीत १९८४ साली सुरू झाली, म्हणजे ती लिनक्सपेक्षा सात वर्षांनी थोरली. २००८ मध्ये क्रिस्टियन होग्सबर्ग यांनी सुरू केलेलं वेलँड आता तिची जागा घेतंय. दोन्ही कर्नलच्या बाहेर चालतात, त्यामुळे ती कोसळली तरी कर्नल चालू राहतो. क्रम असा: आधी कर्नल आणि ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्रॅम), मग लॉगिनचा पडदा दाखवणारा जीडीएम किंवा लाइटडीएम, आणि पासवर्ड पटल्यावर तुमचा डेस्कटॉप. गाडी कुठल्या पायरीवर अडली ते कळलं की अर्धं काम झालं.

सगळ्यात चक्रावणारा प्रकार म्हणजे लॉगिनचा फेरा. पासवर्ड टाकला, पडदा क्षणभर काळा झाला आणि पुन्हा तोच लॉगिन समोर. लोक पासवर्ड बदलत बसतात. पण पासवर्ड चुकला असता तर तसा निरोप आला असता! तो पटलेला असतो, त्यानंतर सुरू झालेला डेस्कटॉप लगेच मरतो.

याचं एक साधं कारण म्हणजे भरलेली डिस्क. कन्सोलवर 'डीएफ -एच' ही आज्ञा द्या (अर्थात रोमन अक्षरांत). मुख्य विभागासमोर १००% दिसलं, तर चोर सापडला. डेस्कटॉपला सुरू होताना छोट्या छोट्या फायली लिहाव्या लागतात आणि त्यासाठी जागाच उरलेली नसते. मग बाकीची यंत्रणा कशी चालते? एक्स्ट४ ही फाइल सिस्टिम (डिस्कवर फायली मांडायची पद्धत) मुळातच ५% जागा रूटसाठी, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्यासाठी, राखून ठेवते. १०० जीबीच्या विभागात सुमारे ५ जीबी. त्यामुळे रूटच्या सेवा लिहीत राहतात आणि अडतो तो सामान्य वापरकर्ता. कचरापेटी आणि जुन्या डाउनलोड फायली काढल्या की बहुतेकदा डेस्कटॉप मुकाट्याने परत येतो.

दुसरं कारण जुन्या एक्स पद्धतीतलं. पडद्यावर चित्र काढू पाहणाऱ्या प्रोग्रॅमकडे एक्स एक गुप्त आकडा मागतो. त्याचं अधिकृत नावच 'मॅजिक कुकी' आहे, आणि अनेक ठिकाणी तो घरच्या फोल्डरमधल्या 'एक्सऑथॉरिटी' या लपलेल्या फायलीत असतो. कुणी सुडो (रूटचे अधिकार देणारी आज्ञा) लावून खिडकीवाला प्रोग्रॅम चालवला, तर या फायलीची मालकी रूटकडे जाऊ शकते. 'एलएस -एलए' दिल्यावर त्या ओळीत तुमच्या नावाऐवजी रूट दिसला, तर 'चाऊन' (chown) या आज्ञेने मालकी परत घ्या. स्वतःच्याच घरात स्वतःला मज्जाव, असा हा प्रकार.

लॉगिनचा पडदाच आला नाही, तर संशय ड्रायव्हरवर. एनव्हिडियाच्या बाबतीत हे जास्त घडतं, कारण त्यांचा ड्रायव्हर कर्नलच्या बाहेरून येतो आणि त्याचं मॉड्यूल (कर्नलला जोडला जाणारा भाग) कर्नलच्या प्रत्येक नव्या आवृत्तीसाठी पुन्हा बांधावं लागतं. ते फसलं की नवा कर्नल सुरू होतो, पण कार्डाचा ड्रायव्हर मिळत नाही. मशीन सुरू होताना येणाऱ्या ग्रबच्या मेनूत 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये जाऊन जुना कर्नल निवडून बघा. त्यावर डेस्कटॉप आला, तर दोष नक्की कुठे आहे ते उघड झालं. 'जर्नलसीटीएल -बी' ही आज्ञा चालू बूटची सगळी नोंद दाखवते. तीही वाचा, शेवटाकडून वर येत.

मॉड्यूल नीट बांधलं जाऊनही नाकारलं जातं, तेव्हा सिक्युअर बूट, म्हणजे मशीन सुरू होतानाची सही-तपासणी, चालू आहे का बघा. ते चालू असलं तर सही नसलेलं मॉड्यूल कर्नल आत घेत नाही. उबुंटू हा लिनक्सचा प्रकार असा ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड ठरवायला सांगतो आणि पुढच्या रीस्टार्टला निळा पडदा येतो: सहीची किल्ली नोंदवायची का? तो १० सेकंद थांबतो. चहा आणायला गेलात तर तो पडदा आपोआप निघून जातो, किल्लीची नोंद राहून जाते आणि परत आल्यावर काळा पडदा समोर. अशा वेळी कन्सोलवरून 'मोकुटिल' (mokutil) ही आज्ञा वापरून किल्ली पुन्हा सुपूर्द करायची, आणि या खेपेला रीस्टार्ट होईपर्यंत जागचं हलायचं नाही.