बारीक खनिज टेलिंगमध्ये का निघून जातं? फ्लोटेशन करणाऱ्या ग्राहकांसाठी माहिती

झँथेट (हवे कण बुडबुड्याला चिकटावेत म्हणून घालायचं केमिकल) वाढवलं, पाइन ऑइल (फेस आणणारं तेल) वाढवलं, तरी रिकव्हरी (मालातल्या धातूपैकी हाती येणारा वाटा) जागची हलत नाही, अशी तक्रार आली की आम्ही आधी एकच विचारतो : टेलिंग (खनिज काढून घेतल्यावर उरलेला, टाकून द्यायचा माल) चाळून पाहिलंत का?

सोलापूरजवळच्या चिंचोली एमआयडीसीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये आम्ही चाचणीची छोटी फ्लोटेशन मशीन बनवतो आणि ग्राहकांच्या मालाच्या चाचण्याही करून देतो. सोलापूरच्या काळ्या दगडात तरंगवून काढण्याजोगं काही नाही. माल येतो तो तुमच्याकडून, पोत्यांतून.

फ्लोटेशनची रीत तुम्हाला ठाऊक आहेच. माल पाण्यात दळायचा, कलेक्टर (झँथेटसारखं केमिकल) घालून हव्या कणांवर पाणी ठरणार नाही असं करायचं, खालून हवा सोडायची. बुडबुड्याला चिकटलेले कण फेसात येतात, बाकीचे खाली राहतात. साधारण 20 ते 150 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कणांवर हे छान चालतं. 10 मायक्रॉनच्या खाली गणित बिघडतं.

कारण वजनात आहे. 10 मायक्रॉनचा कण 100 मायक्रॉनच्या कणापेक्षा हजारपट हलका. धावत्या एसटीच्या काचेवर खडा आदळतो, पण कापसाचा तंतू वाऱ्याबरोबर बाजूने निघून जातो. बारीक कणाचंही तसंच. बुडबुड्याभोवती वळणारं पाणी त्याला सोबत घेऊन जातं, गाठच पडत नाही. गाठ पडत नसेल तर कलेक्टर कितीही ओता, उपयोग काय? उलट तेवढ्याच वजनाच्या बारीक मालाचा पृष्ठभाग दहापट असतो, तो केमिकल पिऊन टाकतो.

इलाज बुडबुडा लहान करण्यात आहे. बुडबुडा 1 मिलिमीटरवरून अर्ध्यावर आणला तर तेवढ्याच हवेत आठपट बुडबुडे होतात आणि त्यांचा एकूण पृष्ठभाग दुप्पट होतो. म्हणून सेलमधला (फ्लोटेशनच्या टाकीतला) फिरणारा इम्पेलर आणि त्याभोवतीचा स्थिर स्टेटर झिजलेत का, हे आधी पाहा. जेमसन सेलसारख्या मशीनमध्ये मुळातच बारीक बुडबुडे होतात, पण त्याचा खर्च आधी चाचणी करूनच करावा.

दुसरी अडचण नको असलेल्या बारीक मातीची. ती बुडबुड्याला चिकटत नाही, फेसातल्या पाण्याबरोबर वर येते आणि ग्रेड (फेसातल्या मालातलं धातूचं प्रमाण) पाडते. इथे फेसाचा थर जाड ठेवणं आणि वरून पाण्याचा हलका फवारा देणं कामी येतं; कॉलम फ्लोटेशनमध्ये हेच करतात. माती कणांवर लेप धरत असेल तर सोडियम सिलिकेट मदत करतं.

आणि मुळात एवढं बारीक झालंच कसं, तेही तपासा. शिशाचं खनिज (गॅलेना) पाण्याच्या साडेसातपट जड. त्यामुळे दळून पुरेसं झालेला कणही हायड्रोसायक्लोनच्या (दळलेला माल फिरवून जड आणि हलके कण वेगळे करणाऱ्या शंकूच्या) खालच्या तोंडातून पुन्हा बॉल मिलमध्ये जातो आणि फुकट दळला जातो. आमच्या मते नवीन सेल घेण्याआधी सायक्लोनकडे बघावं. तो खर्च बराच कमी आहे.

घरच्या घरी एक तपासणी करता येते. टेलिंग 400 मेशच्या (सुमारे 38 मायक्रॉनच्या छिद्रांच्या) चाळणीवर ओलं चाळा. खाली गेलेला भाग एका उंच बीकरमध्ये भरपूर पाणी घालून ढवळा आणि ठेवून द्या. 10 मायक्रॉनचा क्वार्ट्झचा कण 10 सेंटिमीटर खाली बसायला सतरा-अठरा मिनिटं घेतो. तेवढ्या वेळाने वरचं 10 सेंटिमीटर गढूळ पाणी सायफनने काढा. पुन्हा पाणी भरून, ढवळून, वरचं पाणी स्वच्छ निघेपर्यंत हेच करा. चाळणीवर राहिलेला, तळाशी बसलेला आणि सायफनने काढलेला असे तिन्ही भाग वेगवेगळे सुकवून, वजन करून अॅसेला (धातूचं प्रमाण तपासायला) पाठवा. धातू कुठल्या भागात जातोय ते कळेल. तो जाडसर भागात सापडला तर दोष बुडबुड्यांचा नाही, दळण कमी पडतंय.

आमच्याकडे माल पाठवताना सुमारे 5 किलो पाठवा. माल सल्फाइडचा (गंधकयुक्त खनिजाचा) आणि मिलमधून काढलेला असेल तर ओलाच, हवाबंद डब्यात. सुकवलं की पृष्ठभागावर ऑक्सिडेशन होतं आणि चाचणीचे आकडे खोटे येतात. सोबत प्लांटमधलं पाणीही 20 लिटर द्या. आमचं बोअरचं पाणी जड आहे. फ्लुओराइट खनिजासाठी कलेक्टर म्हणून ओलेइक आम्ल वापरत असाल तर त्या पाण्यातल्या कॅल्शियमशी त्याचा साबण होऊन ते वाया जातं, आणि तुमच्या प्लांटचं चित्र आम्हाला दिसत नाही.

जाता जाता : झँथेटचे ड्रम मे महिन्यात पत्र्याखाली ठेवू नका. उष्णता आणि ओल लागली की ते विघटित होऊन कार्बन डायसल्फाइड सुटतो, तो विषारी आहे आणि चटकन पेट घेतो.