ॲडमिन पॅनेलमधली सर्व्हरची वेळ: एका ओळीमागचा इतिहास

वेबसाइटच्या ॲडमिन भागात सर्व्हरची वेळ आणि टाइमझोन दाखवणारी एक ओळ असते. एरवी तिच्याकडे कुणी पाहत नाही. शेड्यूल केलेली पोस्ट वेळेवर गेली नाही किंवा लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या घडामोडींच्या नोंदवहीत, उद्याची तारीख दिसली, की तिची आठवण होते. माझ्या मते ही ओळ ठळक जागी असायला हवी. ती का गरजेची ठरली, हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

युनिक्स ही जुनी ऑपरेटिंग सिस्टीम. तिच्या घराण्यातल्या यंत्रणा वेळ आकड्यात मोजतात: १ जानेवारी १९७० च्या यूटीसी (जगभर प्रमाण मानलेली वेळ) मध्यरात्रीपासून किती सेकंद उलटले. अगदी सुरुवातीच्या युनिक्समध्ये तर सेकंदाचे साठावे भाग मोजले जात, आणि त्या आकड्यासाठी ठेवलेली ३२ बिटांची जागा जेमतेम सव्वादोन वर्षांत भरून जाई. म्हणून मोजणी सेकंदांवर आली. या आकड्याला गाव नसतं. तो जगभर एकाच क्षणी सारखाच असतो. माणसाला वाचता येईल अशी तारीख करायची, तेव्हाच टाइमझोन मध्ये येतो, आणि घोळही तिथेच सुरू होतो.

कारण टाइमझोन म्हणजे यूटीसीपासूनचा नुसता फरक नव्हे. तो सरकारं ठरवतात आणि सरकारंच बदलतात. सामोआने २०११ मध्ये ३० डिसेंबर हा दिवसच वगळला. मोरोक्कोत २८ ऑक्टोबर २०१८ रोजी घड्याळं एक तास मागे जायची होती; ती मागे न्यायची नाहीत, हा निर्णय दोनच दिवस आधी झाला. अशा बदलांची नोंद ठेवणारा सामायिक डेटाबेस आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी १९८० च्या दशकात सुरू केला आणि पुढे पॉल एगर्ट यांनी सांभाळला. ‘युरोप/पॅरिस’ अशी खंड आणि शहराची नावं त्यातलीच. शहराच्या नावासोबत तिथल्या वेळेचे जुने-नवे सगळे नियम येतात, ‘+१’ या खुणेसोबत काहीच येत नाही. २०११ मध्ये एका खटल्यामुळे हा डेटाबेस काही दिवस बंद पडला होता. त्यानंतर त्याची व्यवस्था इंटरनेटची नावं आणि क्रमांक सांभाळणाऱ्या आयाना या संस्थेकडे गेली. स्वयंसेवकांनी चालवलेल्या या कामावर जगभरचे फोन आणि सर्व्हर विसंबून आहेत, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

वेबवर गुंता वाढला तो होस्टिंगमुळे. साइटचा मालक एका देशात, सर्व्हर दुसऱ्याच देशात, आणि सर्व्हरचं घड्याळ अनेकदा डेटासेंटरच्या स्थानिक वेळेवर. अनेक वेबसाइट ज्या भाषेत लिहिलेल्या असतात त्या पीएचपीने २००५ च्या ५.१ आवृत्तीत टाइमझोनची स्वतंत्र सेटिंग आणली आणि नियमांचा डेटाबेसही स्वतःसोबत द्यायला सुरुवात केली. म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचे नियम अद्ययावत असले, तरी पीएचपीचे जुने असू शकतात. वर्डप्रेस या वेबसाइट चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये २००९ च्या २.८ आवृत्तीपर्यंत यूटीसीपासूनचा फरक तासांत भरावा लागे. उन्हाळी वेळ पाळणाऱ्या, म्हणजे उन्हाळ्यापुरती घड्याळं पुढे नेणाऱ्या, देशांतल्या लोकांना तो वर्षातून दोनदा हाताने बदलावा लागे. २.८ पासून शहर निवडता येऊ लागलं. सेटिंग्जच्या त्या पानावर यूटीसी आणि स्थानिक वेळ शेजारी-शेजारी दिसतात, त्यामुळे निवड बरोबर झाली का, हे तिथल्या तिथे पडताळता येतं. डेटाबेसमध्येही वर्डप्रेस प्रत्येक पोस्टच्या दोन वेळा ठेवतं, एक साइटची आणि एक जीएमटीची, म्हणजे व्यवहारात यूटीसीचीच.

साइटची माहिती साठवणाऱ्या मायएसक्यूएल या डेटाबेसचा टाइमझोन आणखी वेगळा असू शकतो. तिथे ‘टाइमस्टॅम्प’ प्रकारची वेळ यूटीसीत साठवली जाते आणि वाचताना, डेटाबेसशी झालेल्या जोडणीला जो टाइमझोन लावलेला असेल, त्यात बदलून मिळते. ‘डेटटाइम’ मात्र जशी लिहिली तशीच परत येते. म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, पीएचपी, डेटाबेस आणि साइट असे चार टाइमझोन एकाच वेळी कामाला असतात. पॅनेलमधली ओळ यांतल्या कुणाची वेळ दाखवते, हे तिथे लिहिलेलं नसेल तर ती ओळ दिशाभूल करते.

निदानाची एक साधी खूण आहे. इंटरनेटवरून घड्याळं जुळवणारा एनटीपी हा प्रोटोकॉल १९८५ मध्ये डेव्हिड मिल्स यांनी मांडला. तो चालू असेल तर सर्व्हरचं घड्याळ सहसा सेकंदाच्या अंशापलीकडे चुकत नाही. फरक काही मिनिटांचा दिसला, तर ही जुळवणी बंद पडली आहे का ते पाहावं. तो पूर्ण किंवा अर्ध्या तासाच्या पटीत असेल, तर बहुधा टाइमझोन चुकला आहे.

सर्व्हर यूटीसीवर ठेवण्याची पद्धत अनेकांनी स्वीकारली ती उन्हाळी वेळेच्या अनुभवातून. घड्याळ पुढे जातं त्या रात्री अडीचची वेळ काही ठिकाणी येतच नाही, आणि मागे येतं त्या रात्री ती दोनदा येऊ शकते. अडीचला लावलेला बॅकअप मग चुकतो किंवा दोनदा चालतो. यूटीसीत असा तास नसतो. पण सर्व्हर यूटीसीवर आणि माणूस स्थानिक वेळेवर असला, की पॅनेलमध्ये दोन्ही वेळा दाखवाव्या लागतात, प्रत्येकीसमोर तिच्या टाइमझोनचं पूर्ण नाव लिहून.