युवा निसर्ग-पुनरुज्जीवन, मराठवाडा

उजाड माळ, उघडे पडलेले डोंगर, आटलेले ओढे आणि बुजलेल्या बारवा (पायऱ्यांच्या जुन्या विहिरी) पुन्हा नांदत्या करण्यासाठी मराठवाड्यातील तरुण-तरुणींनी गावोगावी चालवलेले सामूहिक काम. माती व पाणी अडवणे, देशी झाडे आणि गवत जोपासणे, बदलत्या पावसाला टिकेल अशी पीकपद्धती धरणे, हे सारे त्यात येते. संयुक्त राष्ट्रांनी २०२१ ते २०३० हे परिसंस्था पुनरुज्जीवनाचे दशक म्हणून जाहीर केले. मराठवाड्यात हे काम त्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. गावात त्याला ‘पाण्याचं काम’ म्हणतात.

आठ जिल्ह्यांचा हा प्रदेश सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. जमिनीखाली काळा बेसाल्ट असल्याने पाणी मुरते ते वरच्या मुरमातून आणि खडकाच्या भेगांतून, तेही पावसाला उतारावर थांबायला जागा मिळाली तरच. वनक्षेत्र अगदी तोकडे आहे. लातूर जिल्ह्यात ते एक टक्काही भरत नाही. १९७२ चा दुष्काळ जुन्या पिढीच्या बोलण्यात अजून येतो. आजच्या तरुणांची आठवण २०१६ ची आहे. लातूरला पाणी पुरवणारे मांजरा धरण कोरडे पडले, लातुरात पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. शाळेची वेळ टँकरच्या रांगेत घालवलेली ती मुले आता विशी-पंचविशीत आहेत. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत याच प्रदेशातील शेते खरडून गेली. दुष्काळ आणि पूर ही दोन्ही दुखणी एकाच उघड्या डोंगराची आहेत, हे पुरानंतर गावाला वेगळे समजावून सांगावे लागले नाही.

कामाचे सूत्र ‘माथा ते पायथा’. आधी डोंगरमाथ्यावर समतल चर (उताराला आडवे, एकाच पातळीत खणलेले), मग उतारावर दगडी बांध, खाली ओढ्यात माती नाला बांध आणि सर्वांत शेवटी शेततळे. हा क्रम उलटा झाला की पहिल्याच मोठ्या पावसात खालचा बांध गाळाने भरतो. समपातळी काढायला महागडे यंत्र लागत नाही. सारख्या लांबीचे दोन बांबू वर एकत्र बांधायचे, मध्ये आडवी काठी, शेंड्याला दोरीने लोंबणारा दगड. दोन्ही पाय सपाट जागी असताना दोरी आडव्या काठीवर जिथे टेकते तिथे खूण करून ठेवायची. डोंगरावर एक पाय स्थिर ठेवून दुसरा पुढे फिरवायचा आणि दोरी खुणेवर आली की तिथे फक्की (चुन्याची भुकटी) टाकायची. मागचा पोरगा फक्कीची रेघ जोडत येतो, त्याच्यामागे टिकाव-फावडे. दहावीला भूमितीत नापास झालेला मुलगा ही रेघ बिनचूक काढतो आणि संध्याकाळी सगळ्यांना समजावूनही सांगतो. पहिला पाऊस पडून चर काठोकाठ भरले की त्या रात्री गावातली पोरे घरी थांबत नाहीत, बॅटऱ्या घेऊन डोंगरावर जातात.

या कामाला मोठी गती मिळाली ती पाणी फाउंडेशन या संस्थेच्या वॉटर कप या गावागावांतल्या जलसंधारण स्पर्धेमुळे. २०१६ च्या पहिल्या स्पर्धेत राज्यातील तीनच तालुके होते आणि त्यांत बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई होता. पुढे स्पर्धा ८ एप्रिलच्या मध्यरात्री सुरू होई आणि बाराच्या ठोक्याला माळावर कुदळी पडत. एप्रिलचा हा हंगाम मराठवाड्याला सोयीचा ठरला. बीडसारख्या जिल्ह्यातील असंख्य तरुण जोडपी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात ती उन्हाळ्याच्या तोंडाशीच परततात. हिवाळ्यात श्रमदान ठेवले तर गावात हात कुठून आणायचे? एरवी शाळा-महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेची सात दिवसांची निवासी शिबिरे हा बहुतेकांचा पहिला अनुभव असतो. २०२० पासून राज्य शासनाचे माझी वसुंधरा अभियानही गावांना यासाठी गुण देते.

झाडांची गोष्ट वेगळी. रोप लावणे एका सकाळचे काम, जगवणे तीन उन्हाळ्यांचे. लावताना फोटोत असलेले किती हात तिसऱ्या एप्रिलमध्ये कॅन घेऊन चढतात, यावरूनच गटाची पारख करावी, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. हलक्या माळावर कडुनिंब, बोर, खैर, हिवर, पळस, आपटा टिकतात. गिरिपुष्प झपाट्याने हिरवेपणा देते, पण त्याखाली दुसरे फारसे काही उगवत नाही. गवत राखणे तर झाडाइतकेच मोलाचे, आणि तेच सर्वांत दुर्लक्षित. मार्चमध्ये वाळलेल्या गवताला लागलेली एक आग पाच वर्षांची रोपे नेते. म्हणून जाणते गट होळीआधीच जाळपट्टे (आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढून मोकळे केलेले पट्टे) काढतात. बीडजवळ पालवण येथे अभिनेते सयाजी शिंदे यांच्या पुढाकाराने सह्याद्री देवराई उभी राहिली. २०२० मध्ये तेथे भरलेल्या वृक्षसंमेलनाचे अध्यक्षपद वडाच्या झाडाला दिले होते.

शहरांत छत्रपती संभाजीनगरच्या खाम नदीचे काम ठळक आहे. नाला समजून कचरा टाकला जाणारा तिचा काठ महापालिका, संस्था आणि स्वयंसेवक यांनी मिळून मोकळा केला. जागतिक पातळीवरील एका नगर-पुरस्काराच्या अंतिम पाचांत हा प्रकल्प पोहोचला. परभणी जिल्ह्यातील वालूरची चक्राकार पायऱ्यांची बारव गावकऱ्यांनी गाळ उपसून उघडी केली. आता महाशिवरात्रीला अशा अनेक बारवांत दिवे लावतात. धाराशिव-लातूरकडे स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या साथीने घरातल्या लेकी-सुना एकरभर रानात रासायनिक खताविना मिश्र अन्नपिके घेतात. पाऊस हुकला तरी घरात खायला राहते.

काही गोष्टींवर वादही आहेत. जेसीबीने ओढे खोल-रुंद करण्याची घाई अशास्त्रीय असल्याचे सांगत अर्थतज्ज्ञ एच. एम. देसरडा यांनी राज्य शासनाच्या जलयुक्त शिवार या जलसंधारण योजनेविरुद्ध उच्च न्यायालयात जनहित याचिका केली होती. यंत्र मुरमाचा थर फोडून थेट खडकापर्यंत जाते, तेव्हा पाणी दिसते खूप, मुरते थोडे. याहून नाजूक प्रश्न गायरानाचा, म्हणजे गावाच्या सामाईक चराऊ जमिनीचा. झाडांसाठी मोकळी म्हणून निवडलेली जमीन बहुधा मोकळी नसते. तिच्यावर भूमिहीन, त्यातही दलित कुटुंबे पिढ्यानपिढ्या राबत आलेली असतात, शेळ्या चारत असतात. चराईबंदीचा फलक लावून गट निघून गेला की रोपे महिन्याभरात संपतात. ग्रामसभेत आधी या कुटुंबांशी बोलून, त्यांची वहिवाट सोडून चर आखले, चाऱ्याचा वाटा ठरवून दिला, की राखणीला वेगळा माणूस लागत नाही. शेळ्यांमागे काठी घेऊन फिरणारी म्हातारीच पोरांना फोन लावते, ‘वरच्या अंगाचा बांध फुटलाय, या लवकर.’