नाशिकमध्ये मोफत मानसोपचार आणि समुपदेशन: कोणाला मिळते, कागद कोणते लागतात, सुरुवात कुठून करायची

सुरगाणा-पेठच्या पाड्यांवरून द्राक्षबागेत मजुरीला आलेली बाई असो, सातपूर-अंबडला कंत्राटावर राबणारा कामगार असो की मुले परगावी गेल्याने एकटे पडलेले आजोबा असोत, मन खचल्यावर दवाखाना लांबणीवर पडतो तो बरेचदा एकाच समजुतीपायी: "आधी कागद जमवू, मग जाऊ." रेशनकार्ड फाटलेले असते, आधारवर जुना पत्ता असतो, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलला खेटे सुरू असतात. यात महिने जातात आणि आजार बळावतो. म्हणून आधीच सांगून ठेवतो, तपासणी, समुपदेशन आणि औषधे यांसाठी कोणताही दाखला काढून न्यावा लागत नाही. कागदांची गरज पडते ती पुढे, दिव्यांग प्रमाणपत्राच्या आणि अनुदानाच्या वेळी.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १८ नुसार दारिद्र्यरेषेखालील, निराधार आणि बेघर व्यक्तींना सरकारी किंवा सरकारी निधीवर चालणाऱ्या मानसिक आरोग्य संस्थेत पूर्ण मोफत उपचारांचा हक्क आहे. दारिद्र्यरेषेचे कार्ड हातात असो वा नसो, हे शब्द कायद्यातच आहेत. कोणी कार्डावरून अडवले, तर हेच कलम दाखवावे. शिवाय राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार सर्वांनाच मोफत आहेत.

पहिली भेट

जिल्हा रुग्णालय, म्हणजे आपले सिव्हिल, त्र्यंबक रोडवर आहे. सीबीएसला, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाला, उतरून चालत जाता येते. सकाळी लवकर जा. केसपेपरच्या खिडकीवर नाव, वय, पत्ता आणि मोबाईल नंबर सांगायचा. आधार असेल तर सोबत ठेवा. मागे-पुढे माणसे उभी असताना "मानसोपचार" हा शब्द मोठ्याने उच्चारणे अनेकांना जड जाते, आणि काहीजण तिथूनच परत फिरतात. त्यावर साधा उपाय आहे. घरून चिठ्ठीवर "मानसोपचार विभाग" एवढेच लिहून न्या आणि ती खिडकीत सरकवा. सोबतच्या नातेवाइकाने रांगेत उभे राहिले तरी चालते.

दाखल्यांपेक्षा डॉक्टरांना उपयोगी पडते ते वेगळेच. आधीच्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, सुरू असलेल्या गोळ्यांची पाकिटे (रिकामी असली तरी), आणि गेल्या पंधरा दिवसांची थोडक्यात नोंद: रात्री झोप किती, जेवण कसे, कामावर किती दिवस खाडे, दारू किंवा तंबाखू वाढली का, जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा होते का. भगत किंवा देवऋषीकडे जाऊन आला असाल, काही पाला-औषध घेतले असेल, तर तेही मोकळेपणाने सांगा. मिळालेला प्रत्येक कागद एकाच फाईलमध्ये लावत जा. पुढे सगळ्यात जास्त कामाला येते ती हीच फाईल.

नाशिकला येणे परवडत नसेल तर गावातल्या आशाताईंना गाठा. तीस वर्षांवरील माणसांचा आरोग्य फॉर्म भरताना त्या दोन प्रश्न विचारतात: कशात मन लागत नाही का, आणि उदास, निराश वाटते का. पुष्कळजण संकोचाने "नाही" म्हणतात. तिथे खरे उत्तर दिले तर प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर तपासून पुढची चिठ्ठी देतात. फोनवर बोलायचे असेल तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर चोवीस तास, विनाशुल्क आणि मराठीतही चालतो.

जिवाला धोका वाटत असेल तर ओपीडीच्या वेळेची वाट पाहू नका. माणसाला एकटे सोडू नका, १०८ ला फोन करा किंवा थेट अपघात विभागात न्या. पोलीस केसच्या भीतीने घरीच उपाय करत बसणे फार घातक ठरते. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असेच मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम ११५ मानते, आणि तिची काळजी घेण्याची जबाबदारी सरकारवर टाकते.

भरती व्हावे लागले तर

सज्ञान रुग्ण स्वतः अर्ज करून भरती होऊ शकतो. त्याची समज तेवढी नसेल, तर त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीच्या (उपचारांच्या निर्णयांत त्याला साथ देणाऱ्या माणसाच्या) अर्जावर, दोन तज्ज्ञांनी स्वतंत्र तपासणी केल्यानंतर, आधी तीस दिवसांपर्यंत भरती होते. हा प्रतिनिधी नेमायला वकील लागत नाही की स्टॅम्पपेपर. साध्या कागदावर लिहून सही किंवा अंगठा पुरतो. माणूस बरा असतानाच हे लिहून ठेवावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. तीन वर्षांखालील बाळ असलेल्या आईला भरती केले तर बाळाला तिच्यापासून सहसा तोडता येत नाही, हेही लक्षात असू द्या.

दिव्यांग प्रमाणपत्र आणि अनुदान

दीर्घ मानसिक आजार २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात येतो. प्रमाणपत्रासाठी स्वावलंबन या सरकारी संकेतस्थळावर अर्ज करायचा, आधार, फोटो आणि पत्त्याचा पुरावा जोडायचा, मग रुग्णालयात तपासणी होते. बहुतेक लाभांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते. इथे एक गोष्ट जीव तोडून सांगावीशी वाटते. टक्केवारी ठरते ती स्वतःची निगा, माणसांशी वागणे, बोलणे-समजणे आणि काम या चार बाबींवर, शिवाय आजार किती काळ आहे त्यावर. घरचे लोक चारचौघांत अब्रू जाऊ नये म्हणून "तसा बरा आहे, आंघोळ करतो" म्हणतात. रोज आंघोळीला तीनदा उठवावे लागत असेल, तर तसेच सांगा. वाढवून सांगू नका, पण झाकूही नका.

प्रमाणपत्र मिळाल्यावर संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी तहसील कार्यालयात अर्ज करता येतो. त्याला वयाचा पुरावा, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, महाराष्ट्रात किमान १५ वर्षे राहत असल्याचा पुरावा आणि बँक पासबुक लागते. दिव्यांगांसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५० हजार रुपये आहे.

मदतीचे फोन नंबर असे: घरात मारहाण सोसणाऱ्या बाईसाठी १८१, मुलांसाठी १०९८, ज्येष्ठांसाठी १४५६७. रस्त्यावर भटकणारी, मानसिक आजारी दिसणारी व्यक्ती आढळली तर ११२ ला कळवा. पोलिसांनी तिला २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत नेणे बंधनकारक आहे, कोठडीत ठेवता येत नाही. कुठे उपचार नाकारले किंवा पैसे मागितले, तर तारीख आणि वेळ लिहून ठेवा आणि सीबीएसजवळच्या जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, किंवा १५१०० ला फोन करा. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि दिव्यांग यांना तिथे उत्पन्न न विचारता मोफत वकील मिळतो.