रक्तलेपाचे रंजन

रक्ताचा थेंब काचपट्टीवर पातळ पसरून, वाळवून आणि रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याची पद्धत. न रंगवलेल्या लेपात पांढऱ्या पेशी जवळजवळ पारदर्शक असतात, त्यामुळे त्यांचे प्रकार ओळखायला रंग लागतोच. पाउल एर्लिख यांनी १८७९च्या सुमारास आम्लधर्मी व आम्लारिधर्मी रंग वापरून या पेशींतील कणांचे गट पाडले. इओसिनोफिल, बेसोफिल, न्यूट्रोफिल ही नावे त्यातूनच आली; कोणत्या कणांना कोणत्या रंगाची ओढ, एवढेच ती सांगतात. १८९१ साली दिमित्री रोमानोव्हस्की यांनी मेथिलीन ब्लू (निळा) आणि इओसिन (लालसर) हे दोन रंग एकत्र करून हिवतापाच्या परजीवीचे केंद्रक जांभळे रंगवले. हा जांभळा रंग मेथिलीन ब्लूच्या ऑक्सिडीभवनातून तयार होणाऱ्या अझूर बी या रंगद्रव्याची करामत. पुढे याच मिश्रणावरून लेशमन (१९०१), राइट (१९०२) आणि गीम्सा (१९०४) यांचे रंग निघाले. भारतातील प्रयोगशाळांत लेशमन फार चालतो.

दुसऱ्या काचपट्टीची कड साधारण ३० ते ४५ अंशांत धरून थेंब एका झटक्यात ओढला, की जिभेच्या आकाराचा लेप तयार होतो. तो वाळल्यावर लेशमन ओततात. त्यातील मिथेनॉलने पेशी दोनेक मिनिटांत काचेवर पक्क्या बसतात. मग रंगाच्या दुप्पट बफर, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारे द्रावण (पीएच ६.८), घालून सात-दहा मिनिटे थांबतात आणि धुतात. पीएच चुकला तर सगळे बिघडते: आम्लाकडे झुकल्यास लेप लालभडक, आम्लारीकडे झुकल्यास निळाकाळा. कोकणातल्या पावसाळ्यात आणखी एक कटकट असते. मिथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते आणि तांबड्या पेशींत चकाकती भोके दिसू लागतात. नवख्याला तो आजारच वाटतो.

पांढऱ्या पेशींच्या प्रकारांची मोजणी लेपाच्या पातळ भागात, जिथे तांबड्या पेशी एकमेकींना जेमतेम टेकतात तिथे, तेलाचा थेंब टाकून वापरायच्या भिंगाखाली करतात. मोठ्या पेशी कडेला आणि लेपाच्या शेपटाकडे, म्हणजे निमुळत्या टोकाकडे, जमतात, म्हणून एकाच जागी मोजल्यास आकडे फसवतात. नागमोडी सरकत किमान शंभर पेशी मोजायच्या.

न्यूट्रोफिलच्या केंद्रकाला दोन ते पाच खंड असतात, कण बारीक आणि फिकट जांभळे. प्रौढांत पांढऱ्या पेशींपैकी ४० ते ७५ टक्के याच. इओसिनोफिलचे केंद्रक बहुधा दोन खंडांचे, चष्म्यासारखे. कण जाड, नारिंगी, ठासून भरलेले. बेसोफिल विरळाच, शंभरात एखादी: गर्द निळे कण केंद्रकावरही पसरलेले असतात. लिम्फोसाइट आणि मोनोसाइट हेही पांढऱ्या पेशींचेच प्रकार. लहान लिम्फोसाइटमध्ये गोल गडद केंद्रक आणि भोवती निळसर पेशीद्रव्याची पातळ किनार असते. खरा घोळ मोनोसाइटचा. ती सर्वांत मोठी, केंद्रक मूत्रपिंडाच्या आकाराचे किंवा घडी पडल्यासारखे, पेशीद्रव्य राखाडी-निळे, कधी पोकळ्यांसकट. तरी मोठ्या लिम्फोसाइटशी तिची गल्लत नेहमी होते. अशा वेळी केंद्रकाचा पोत पाहावा: मोनोसाइटचा सैल, जाळीदार, लिम्फोसाइटचा घट्ट, गुठळ्यांचा.

स्वयंचलित यंत्रांनी रोजची मोजणी बरीच उचलली आहे. पण यंत्राने खूण केलेला नमुना, विशेषतः रक्ताच्या कर्करोगाची शंका असलेला, अजूनही लेपावर डोळ्यांनीच तपासला जातो.