सुरसा (डाळिंबावरील फुलपाखरू)

डाळिंबाचे फळ पोखरणाऱ्या अळीचे फुलपाखरू. लेपिडॉप्टेरा (फुलपाखरे व पतंग यांच्या) गणातील लायकेनिडी कुलात त्याचा समावेश होतो. भारतीय उपखंडात सर्वत्र आढळते.

कीटकशास्त्रज्ञ फाब्रिसियस याने १७९३ मध्ये ही जाती ‘आयसोक्रेटिस’ या नावाने नोंदवली. तिच्या प्रजातीबाबत (निकटच्या जातींच्या गटाबाबत) मात्र कीटकशास्त्रज्ञांत एकमत नाही. ह्यूइट्सन याची ड्यूडोरिक्स ही प्रजाती १८६३ ची, तर मूर याने १८८१ मध्ये विराकोला ही प्रजाती वेगळी केली. काही अभ्यासक विराकोलाला ड्यूडोरिक्सचाच भाग मानतात. त्यामुळे कृषिविषयक लेखनात हाच कीटक दोन्ही नावांनी येतो आणि दोन वेगळ्या किडी असल्याचा समज होतो. पश्चिम आशिया व ईजिप्तमध्ये डाळिंबावर पडणारी लिव्हिया ही निकटची जातीही बहुधा विराकोलातच घातली जाते. ते पाहता विराकोला हे नाव अधिक सोयीचे वाटते.

पंखांचा विस्तार सु. ४ ते ५ सेंमी. नर वरून चकचकीत निळसर जांभळा. मादी तपकिरी, पुढच्या पंखांवर नारिंगी डाग असलेली. मागच्या पंखांना बारीक शेपटी असते. मादी कळी, फुलाचा पुष्पकोश किंवा कोवळ्या फळावर सुटी अंडी घालते. अळी गर्द तपकिरी, पांढुरक्या चट्ट्यांची, आखूड केसांची व दोन सेंमी.पर्यंत लांब असते. ती फळात शिरून गर व कोवळे दाणे खाते. शरीराचा मागचा भाग चपटा असतो आणि त्याने ती भोकाचे तोंड बुजवते. भोकातून विष्ठा बाहेर येते, पाठोपाठ बुरशी व जिवाणू शिरतात आणि फळाला दुर्गंधी सुटते. या अळीची विलक्षण सवय म्हणजे पोखरलेले फळ गळू नये म्हणून ती रात्री बाहेर येऊन फळाचा देठ रेशमी धाग्यांनी फांदीला बांधते. ही सवय एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच कीटकशास्त्रज्ञ वेस्टवुड याने वर्णिली होती. कोष बहुधा फळातच होतो. अळीच्या पाठीवरील ग्रंथीतून गोड स्राव येतो आणि त्यासाठी मुंग्या तिच्याभोवती जमतात. लायकेनिडी कुलात असे सहजीवन सर्रास दिसते.

पेरू, चिंच, कवठ, आवळा, बोर यांच्या फळांतही ही अळी वाढते. सोलापूर जिल्ह्यात या गोष्टीला विशेष महत्त्व आहे. सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा या पट्ट्यात मृग, हस्त व आंबे असे तिन्ही बहार (फुले-फळे धरण्याचे हंगाम) धरले जातात. एका बागेला ताण दिलेला (बहारासाठी पाणी तोडलेले) असताना शेजारच्या बागेत फळे असतात, बांधावर चिंच-बोर असतेच. त्यामुळे वर्षभरातील पिढ्यांना खाद्य तुटत नाही. मृग बहारात उपद्रव अधिक. तेल्या (तेलकट डाग पाडणारा जिवाणूजन्य रोग) व मर (झाड वाळणे) या रोगांच्या धास्तीत अळीकडे दुर्लक्ष होऊन पोखरलेली फळे तशीच झाडावर राहतात, हे घातक आहे: अशी फळे वेचून नष्ट करणे हा पहिला उपाय होय. फळांना पिशव्या घालणे व अंड्यांवर जगणाऱ्या ट्रायकोग्रामा गांधीलमाशीचा वापर हेही उपाय केले जातात. सोलापूरजवळ केगाव येथे २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे.