शिक्का एक, चाचण्या अनेक

‘मानांकित लॅब म्हणजे तिथली प्रत्येक चाचणी मानांकित’ असा मेसेज बरीच वर्षं फिरतोय. समज स्वाभाविक आहे. मानांकनाचा, म्हणजे त्रयस्थ संस्थेने तपासून दिलेल्या मान्यतेचा, शिक्का रिपोर्टच्या अगदी माथ्यावरच असतो.

पण मानांकन सरसकट अख्ख्या लॅबला मिळत नाही. वैद्यकीय लॅबसाठी १५१८९ क्रमांकाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यानुसार तपासनीस येतात आणि कोणती चाचणी, कोणत्या पद्धतीने, कोणत्या पत्त्यावर होते हे पाहून तेवढ्यालाच मान्यता देतात. ही यादी प्रमाणपत्राला जोडलेली असते. खरा कागद तोच, पण भिंतीवर फ्रेम होते ती पहिल्या पानाची! त्यामुळे साखरेची चाचणी यादीत आहे आणि त्याच वेळी दिलेल्या रक्तावरची एखादी हार्मोनची चाचणी नाही, असं होऊ शकतं.

यादीत नाही म्हणजे चुकीची असं नव्हे. त्रयस्थाने ती पडताळलेली नाही, एवढंच.

तपासायचं असेल तर प्रमाणपत्राचा क्रमांक घेऊन मान्यता देणाऱ्या संस्थेच्या वेबसाइटवर शोधा. मुदत, पत्ता आणि आपल्या चाचणीचं नाव जुळवा. रिपोर्टवर चाचणीच्या नावापुढे चांदणी दिसली, तर तळाची बारीक ओळ वाचा. ‘मानांकनाच्या कक्षेबाहेर’ हे बहुधा तिथेच छापलेलं असतं.